लकवा, ग्लुकोज आणि गावच्या ग्रुपवरचा तो मेसेज

‘लकव्याचा झटका आला की दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, ग्लुकोजचं पाणी पाजा. उपाशी मेंदूला ताकद मिळते, सूज २४ तासांत उतरते.’ वेचणी सुरू झाल्यापासून हा मेसेज आमच्या गावच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. मागच्या साली मोठ्या काकांना वावरात झटका आला तेव्हा नेमकं हेच केलं, वर गावातच ग्लुकोजची सलाईन लावली. दुपार त्यातच गेली. म्हणून लिहितो.

झटका येतो तो मेंदूतली नस फुटून रक्तस्राव झाल्याने, नाहीतर गुठळीने नस बंद झाल्याने. रक्तस्राव असला तरी बोटं टोचल्याने मेंदूतलं रक्त बाहेर येत नाही. ते बंद कवटीत साचलेलं असतं.

‘मेंदू उपाशी’ हे मात्र अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण एकूण ऊर्जेतला २० टक्क्यांच्या आसपास वाटा तो एकटा खातो. रक्तस्राव झाला की साचलेल्या रक्ताच्या गुठळीभोवतीच्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच बिघडतात. कमी पडते ती साखर नव्हे, ती जाळायची सोय. चूलच ढासळली असेल तर पऱ्हाट्या कितीही कोंबा, धूरच होणार. ऊर्जा आटली की पेशीतलं सोडियम बाहेर फेकणारे पंप थंडावतात, सोडियमपाठोपाठ पाणी आत शिरतं आणि पेशी फुगते.

त्यात अशा रुग्णाची साखर बहुधा आधीच वाढलेली असते, आणि ती जास्त असलेल्यांची तब्येत अधिक बिघडते. ५ टक्के ग्लुकोजच्या सलाईनमधली साखर शरीर वापरून टाकतं, उरतं निव्वळ पाणी. ते सुजेत भर घालतं. साखर खरंच घसरली असेल तर ग्लुकोज द्यावंच लागतं, कारण तेव्हाही हातपाय लुळे पडू शकतात; पण आधी ग्लुकोमीटरवर थेंबभर रक्त तपासून. तोंडाने तर काहीच पाजू नका. गिळता येत नसलं की पाणी फुप्फुसात जातं.

रक्तस्राव आहे की गुठळीने नस बंद झाली, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. अंदाजाने अ‍ॅस्पिरिन दिली अन् आत रक्तस्राव निघाला, तर तो वाढू शकतो. १०८ लावा, यवतमाळ, नागपूरचं मेडिकल कॉलेज, सेवाग्राम, जिथे स्कॅन होईल तिथे न्या. २०२३ साली १० देशांतल्या, भारतातल्याही, ७ हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तस्रावात बीपी पहिल्या तासाभरात उतरवायला घेतलं, सोबत साखर आणि ताप आवरला, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवला, तर रुग्ण जास्त सावरले.

आता ते ‘२४ तास’. आधी गुठळीतून पाझरलेलं द्रव, मग रक्त गोठवणाऱ्या थ्रोम्बिनमुळे सैलावलेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती, पुढे फुटलेल्या तांबड्या पेशींतलं लोह, अशी सूज टप्प्याटप्प्याने चढते. पहिले दोन-तीन दिवस झपाट्याने, नंतर हळूहळू, कधी दुसऱ्या आठवड्यापर्यंत. काका दुसऱ्या दिवशी बोलले, तेव्हा आम्ही सुट्टी मागायला निघालो होतो, कापूस झाडावर होता. वॉर्डातल्या सिस्टरने थांबवलं. चौथ्या दिवशी त्यांना हाक मारली तर ते डोळे उघडेनात.