भाड्याचं घर की भाड्याचं ऑफिस?

भाडेकरू म्हणतो, 'मी इथे राहतो.' मालक म्हणतो, 'राहतोस कसला, धंदा करतोस.' वाद भाडं वाढवण्याचा असेल असं वाटतं, पण इंग्लंडमध्ये या एका उत्तरावर कायदाच बदलायचा. राहती जागा ठरली तर १९७७ चा रेंट ॲक्ट, म्हणजे रास्त भाडं आणि भाडेकरूला बाहेर काढणं महाकठीण. धंद्याची ठरली तर १९५४ चा कायदा. त्यात करार नव्याने करून मागण्याचा हक्क असतो, पण इमारत पाडून बांधायचीय, जागा स्वतःलाच हवीय, अशी कारणं सिद्ध करून मालक तो अडवू शकतो. राहणं आणि धंदा दोन्ही असेल तरी १९५४ चाच कायदा लागू व्हायचा. मग काय, मालकांना भाडेकरूच्या घरात धंदा दिसू लागला!

१९७८ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने अशी दोन प्रकरणं एकत्र ऐकली. एक भाडेकरू अकाउंटंट, एका आयात व्यवसायात भागीदार. फर्मला दुसरी जागाच नव्हती. टेबल, टाइपरायटर, फायली, फोन, सगळं फ्लॅटमध्ये आणि लेटरहेडवर पत्ताही तिथलाच. तो हरला. दुसरे डॉक्टर. त्यांचा दवाखाना वेगळीकडे, घरी पेशंट क्वचितच. विशेष म्हणजे घरी प्रॅक्टिस करायला त्यांना मालकाची परवानगीही होती, तरी ते जिंकले. न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांचा निकष असा: धंदा हा त्या जागेच्या वापराचा महत्त्वाचा हेतू आहे, की राहता राहता होणारं किरकोळ काम?

निकष मला पटतो. परवानगी कशाची होती यापेक्षा तिथे खरोखर काय चालतं ते बघणं योग्यच. पण 'महत्त्वाचा' म्हणजे किती, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. त्या अकाउंटंटचं टेबल, टाइपरायटर, फायली आज एका लॅपटॉपमध्ये मावतात. कोर्टाने आता पुरावा म्हणून काय बघायचं?

यात दोघांचंही नुकसान व्हायचं. पुढे नव्या करारांना रेंट ॲक्ट लागू होईनासा झाला, तेव्हा मालकांची धास्ती उलटी झाली. घरून कामाला लेखी संमती दिली तर उद्या हा धंद्याचा भाडेकरू होऊन नव्या कराराचा हक्क सांगेल, अशी मालकाला धास्ती. म्हणून करारात सरसकट धंदाबंदी, आणि शिकवणी घेणारी किंवा कपडे शिवणारी बाई विनाकारण कराराचा भंग करणारी ठरायची.

ही गाठ सुटायला २०१५ उजाडलं. १ ऑक्टोबर २०१५ नंतरच्या करारांत, राहत्या घरातून सहसा चालेल असाच धंदा करायची मुभा असेल, तर तो करार १९५४ च्या कायद्यात जात नाही. घरात बसवून दारू विकणं मात्र यात बसत नाही (हे कायद्यात स्पष्ट लिहावं लागलं!). 'सहसा चालेल असा' या शब्दांवरही वकील भांडतीलच. तरी मालकाला निदान न घाबरता 'हो' म्हणता येतं, आणि माझ्या मते कोर्टाच्या कुठल्याही निकषापेक्षा भाडेकरूला याचाच जास्त उपयोग आहे.