परदेशातून: बीपीचा पट्टा स्क्रीनवरून बांधता येत नाही

ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताई संपावर गेल्या, तेव्हा मोबदला वाढवा यासोबत आणखी एक मागणी होती: ऑनलाइन कामाची सक्ती नको. इकडे टेक्सासमध्ये बसून त्यावर मत देणं सोपं असतं. "अमेरिकेत आरोग्यसेविकांचं प्रशिक्षणसुद्धा ऑनलाइन होतं, आपल्याकडे एवढं काय जड जातं?" माहिती अर्धी आणि मत पूर्ण, असा हा प्रकार. इथे ऑनलाइन काय शिकवतात आणि काय शिकवता येत नाही हे पाहिलं, तर आशाताईंची कुरकुर बरीचशी रास्त वाटू लागते.

इथल्या मेक्सिकन वस्त्यांत दारोदार जाऊन आरोग्याचं सांगणाऱ्या बाईला 'प्रोमोतोरा' म्हणतात. ती बहुधा त्याच गल्लीतली आणि स्पॅनिश बोलणारी असते. टेक्सास राज्य तिला प्रमाणपत्र देतं: १६० तासांचं प्रशिक्षण, आठ कौशल्यं, आणि नूतनीकरणासाठी दर दोन वर्षांनी आणखी २० तास. एल पासो ते ह्यूस्टन साधारण १,२०० किलोमीटर. एवढ्या मोठ्या राज्यात वर्ग स्क्रीनवर गेले नसते तरच नवल. विषयही तातडीचा आहे. अमेरिकेत प्रौढ माणसाला आयुष्यात कधीतरी टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता ४० टक्के धरतात. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या प्रौढांमध्ये ती ५० टक्क्यांच्या वर जाते. आणि घरात काय शिजणार, हे बहुतेक ठिकाणी बाईच ठरवते.

स्क्रीनवर सगळ्यात चांगलं शिकवता येतं ते बोलणं. वस्तीतल्या बायका मधुमेहाला सरळ 'आसुकार' म्हणजे साखर म्हणतात, आपल्याकडे 'मला शुगर आहे' म्हणतात तसंच. अनेकींची पक्की समजूत असते की आजार 'सुस्तो'मुळे, म्हणजे अचानक बसलेल्या धसक्यामुळे झाला. दुसरी समजूत अशी की इन्सुलिनने डोळे जातात. वर्गात दोघीदोघींच्या जोड्या करतात, एक म्हणते, "माझ्या मावशीला इन्सुलिन सुरू केलं आणि ती आंधळी झाली." दुसरीने "असं काही नसतं" म्हटलं की संवाद तिथेच संपला. म्हणून आधी विचारायचं, मावशीला साखर किती वर्षं होती? मग सांगायचं की अनेकांना इन्सुलिन फार उशिरा मिळतं, तोवर वाढलेल्या साखरेने डोळ्यांचं नुकसान आधीच केलेलं असतं. दोष लागतो तो शेवटी आलेल्या औषधाला. हा सराव फोनवरूनही उत्तम होतो. पण एका वेळी १५-२० जणीच हव्यात, आणि शिकवणाऱ्याशिवाय दुसरी एक बाई फक्त कुणाचा आवाज गेला, कोण बाहेर फेकली गेली हे बघायला. शंभर जणी जोडल्या की ते प्रवचन होतं.

कोल्ड्रिंकचं प्रात्यक्षिकही जमतं. ३५५ मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर, म्हणजे चार ग्रॅमच्या चमच्याने जवळजवळ दहा चमचे. पांढऱ्या टेबलावर पांढरी साखर कॅमेऱ्यात दिसतच नाही. मागे काळं कापड, काचेचा ग्लास आणि मोठ्याने मोजणी लागते. फसतो तो इंग्रजीतून उचललेला आहारतक्ता. तोर्तिया, म्हणजे मक्याची किंवा मैद्याची पातळ पोळी, बंद करा म्हटलं की बायका ऐकणं बंद करतात, आपल्याकडे भाकरी बंद करा म्हटल्यावर करतील तशाच. त्यापेक्षा सहा इंची मक्याच्या तोर्तियात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदकं आणि मोठ्या मैद्याच्या तोर्तियात त्याच्या दुपटीहून जास्त, एवढं सांगितलं तरी हिशेब त्या स्वतः करतात.

आता बीपी. नियम पाठ होतात: अर्धा तास आधी कॉफी नाही, लघवी करून यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला टेकलेला, पट्टा उघड्या दंडावर, बोलायचं नाही, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. परीक्षेत सगळ्या पास होतात आणि वस्तीत चुकतात. पट्टा घट्ट की सैल, त्याखाली दोन बोटं जातात का, हे कॅमेऱ्याला कळत नाही. दंडाचा घेर न मोजता जो हाताशी आला तो पट्टा लावला जातो. मध्यम पट्टा २७ ते ३४ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. ज्या दंडाला सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यावर हाच लावला, तर वरचा आकडा २० च्या आसपास जास्त येऊ शकतो. धडधाकट बाई घाबरून जाते, आणि पुढच्या वेळी दार उघडत नाही. म्हणून निदान एक दिवस तरी एका खोलीत, एकमेकींच्या दंडावर सराव हवाच. त्याला पर्याय नाही.

आपल्याकडे 'ऑनलाइन' या एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्या आहेत. प्रोमोतोरासाठी तो शिकण्याचा मार्ग आहे, तास मोजले जातात आणि प्रमाणपत्राला धरले जातात. आशाताईसाठी बहुतेक वेळा तो माहिती भरण्याचा हुकूम असतो, स्वतःच्या फोनवर, रेंज शोधत. त्याला नकार देणं म्हणजे शिकायला नकार देणं नव्हे. अर्थात इथेही सारं आलबेल नाही. कितीतरी प्रोमोतोरांची नोकरी अनुदानावर चालते. अनुदान संपलं की बाई घरी. या प्रकारच्या कामाचे पैसे मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना, देऊ लागली ती जानेवारी २०२४ पासून, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या ठरावीक सेवांपुरती. महाराष्ट्राने याची नक्कल करायचं कारण नाही. जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० पासून ग्रामीण आरोग्याचं जे काम उभं केलं, त्यात अक्षरओळख नसलेल्या बायकाही पुन्हा पुन्हा एकत्र बसून शिकल्या. धडा घरचाच आहे.

नवं काही सुरू करायचंच असेल तर संवादाचे धडे फोनवर, तासाभराचे, त्या वेळेचा मोबदला देऊन. आणि हाताचं काम प्राथमिक आरोग्य केंद्रात: वीस जणी, चार यंत्रं, तीन मापांचे पट्टे, वीस इंचटेप. टेप विसरू नका. आशाताईंच्या सीबॅक फॉर्ममध्ये, म्हणजे मधुमेह-बीपीसारख्या आजारांचा धोका गुण देऊन तपासणाऱ्या यादीत, बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की गुण बदलतो. घेर मोजायचा शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. निऱ्या खोचल्यात तिथे, लुगड्यावरून टेप गुंडाळला तर मोजमाप कापडाचंही होतं.