नाना आणि ‘ठेविले अनंते’

काल रात्री लालबागच्या आमच्या कट्ट्यावर आवाज चढले, आणि तेही देवावरून. बाळ्या परळहून, टाटा हॉस्पिटलमधून थेट कट्ट्यावर आला होता. हातात प्लास्टिकची फाइल आणि रिकामा डबा. वहिनींचे रक्तातल्या पेशींचे काउंट खाली आलेत, म्हणून चौथा किमो आठवडाभर पुढे गेला. फाइल मांडीवर घेऊन तो तिचं बटण उघडत होता, लावत होता, पुन्हा उघडत होता.

नाना जुने गिरणी कामगार, माळकरी. त्यांनी बाळ्याच्या पाठीवर हात ठेवला. "ठेविले अनंते तैसेचि राहावे, बाळा. पांडुरंग बघतोय."

"नुसता बघतच बसलाय ना?" बाळ्या उसळला. "तिला पाण्याचा घोट गिळवत नाही. ही त्याची इच्छा असेल तर मला त्याचं तोंड बघायचं नाही."

"असं बोलू नये रे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरची चूल विझायची वेळ आली. हिचं मंगळसूत्र मोडलं. तेव्हा मला याच ओळीनं तारलं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, तेव्हा ती ओळ तुम्ही स्वतःला म्हणत होतात. आज दुसऱ्याला म्हणताय." तुकोबांची बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली. त्यानंतर त्यांनी ‘बरे झाले देवा निघाले दिवाळे’ म्हटलं, ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल. शेजाऱ्याच्या दारात जाऊन ‘तुझं दिवाळं निघालं, बरं झालं’ असं नाही म्हणाले. उलट लोकांकडून येणं होतं, त्याची आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं सांगतात. मला वाटतं, भरवसा म्हणतात तो हाच. आपलं दुःख देवाच्या पायाशी आणि दुसऱ्याचं आपल्या अंगावर.

वसईचा आमचा मित्र इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "आमच्या बायबलात ईयोबाची गोष्ट आहे. पोरं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. त्याचे मित्र येऊन सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत बरोबर होतं. मग ते देवाच्या वतीनं समजवायला लागले, तूच काहीतरी पाप केलं असशील म्हणाले. ईयोब मात्र देवाशी भांडत राहिला. शेवटी देव रागावला तो समजावणाऱ्या मित्रांवर."

"मग देव मधे हवाच कशाला?" आमच्यातला सगळ्यात लहान म्हणाला. "डॉक्टर आहेत, औषधं आहेत."

उत्तर बाळ्यानंच दिलं. "डॉक्टरांवर विश्वास आहे म्हणून तर ही फाइल घेऊन फिरतोय. पण रात्री तीनला तिला उलटी होते, तेव्हा पाठ चोळताना मी त्याच्याशीच भांडतो. दुसरं आहे कोण जागं?"

नामदेवांनी पांडुरंगाला तोंडावर सुनावलं होतं, पतितपावन म्हणवतोस पण तू तसा नाहीस, मी चाललो परत. असं बोलायला नातं फार जवळचं लागतं. बाळ्याचा विश्वास उडालाय, असं मला तरी वाटत नाही. मी तसं त्याला बोललो नाही. आत्ता ते ऐकायची त्याला गरज नव्हती.

बराच वेळ कोणी बोललं नाही. सिग्नलपाशी एक बेस्टची बस थांबली आणि गेली. मग नानांनी त्याच्या बाजूचा रिकामा डबा उचलून काखेत घेतला.

"उद्यापासून डबा आमच्याकडून. काकीला काय सांगू?"

बाळ्यानं डोळे पुसले. "मुगाची खिचडी, पातळ. आणि वरून कोथिंबीर नको म्हणावं. कच्चं काही चालत नाही तिला."