वाळू-पाण्याने केसिंगला भोकं पाडणं ‘नवीन प्रयोग’ नाही, साठ वर्षांहून जुनं काम आहे

ऑईल-गॅसवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, मला तिघांकडून आला. त्यात लिहिलंय की तेलविहिरीत स्फोटकांऐवजी आता वाळू आणि पाणी मारून भोकं पाडतात, हे तंत्र नवीन आहे, कुठे तपासलेलं नाही, पाण्याने स्टील कापलं जात नाही, कापलंच तर केसिंगची वाट लागते, आणि मुळात हे फ्रॅकिंगच आहे, फक्त नाव बदललंय. पुढे पाठवणाऱ्यांत नुकतीच फील्डवर लागलेली पोरं पण आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ज्यांचं हे क्षेत्र नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. विहीर खोदली की आत स्टीलचा पाइप म्हणजे केसिंग उतरवतात आणि त्याच्या बाहेरून सिमेंट भरतात, त्यामुळे तेल असलेला खडक आणि विहीर यांच्यामध्ये भिंतच उभी राहते. ती भिंत नेमक्या खोलीवर फोडायची, ते परफोरेशन.

“नवीन आहे, तपासलेलं नाही.” चूक. 1932 साली कॅलिफोर्नियात लेन-वेल्स या कंपनीने विहिरीत गोळ्या झाडून भोकं पाडली, दुसऱ्या महायुद्धानंतर रणगाडे फोडणाऱ्या शस्त्रांमधला शेप्ड चार्ज, म्हणजे स्फोटाने धातूची बारीक धार सोडणारं स्फोटक, विहिरीत आला, आणि त्याच्या मागोमाग 1950 च्या दशकाच्या शेवटी वाळूचा जेट. 1961 मध्ये अमेरिकेतल्या जर्नल ऑफ पेट्रोलियम टेक्नॉलॉजीत त्याच्या चाचण्यांवरचे पेपर छापून आलेत. सोव्हिएत युनियनमध्येही साठच्या दशकात हे काम सर्रास व्हायचं, रशियन इंजिनिअर आजही त्याला ‘गिद्रोपेस्कोस्त्रुयनाया पेर्फोरात्सिया’ म्हणतात, म्हणजे पाणी-वाळूच्या धारेने पाडलेली भोकं.

“पाण्याने स्टील कापत नाही.” कापते ती वाळू, पाणी तिला फक्त वेग देतं. भोसरी-चाकणला वॉटरजेटवर प्लेट कापताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको, तिथे पाण्यात गार्नेट या कडक खनिजाची वाळू मिसळतात. फरक इतकाच की वर्कशॉपमध्ये प्रेशर 50-60 हजार पीएसआय असतं आणि धार केसासारखी, विहिरीत नोझलवर 2-3 हजार पीएसआयच मिळतं पण नोझल चांगलं 3/16 इंचाचं, वाळू लिटरमागे साधारण 100-120 ग्रॅम, आणि धार सेकंदाला दीडशे-दोनशे मीटरने केसिंगवर आदळत राहते. काही मिनिटांत केसिंग पार होतं, पुढचा वेळ सिमेंट आणि खडकात जातो, एका जागी एकूण 10 ते 20 मिनिटं धरा.

आणि कापते की नाही याचा पुरावा टूल, म्हणजे नोझल बसवून विहिरीत सोडलेलं अवजार, बाहेर काढलं की हातात येतो. जाताना गोल असलेलं टंगस्टन कार्बाइडचं नोझल येताना अंडाकृती झालेलं असतं, आणि नोझलच्या आजूबाजूचं टूलचं अंग वाळवीने लाकूड खाल्ल्यासारखं दिसतं, कारण केसिंगवरून उलटी उडालेली वाळू टूलवरच येते. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ त्या खड्ड्यांवरून बोट फिरवत बसलो होतो.

“केसिंगची वाट लागते.” इथे तर उलटं आहे. शेप्ड चार्जची धातूची धार टोकाला सेकंदाला 7-8 किलोमीटरने जाते, तो सगळा धक्का केसिंग आणि सिमेंट सहन करतं, शिवाय भोकाच्या कडेचा खडक चिरडून त्याची छिद्रं बुजतात, मग तेल यायला अडतं. जेटमध्ये स्फोटाचा धक्का नाही, खडक झिजून निघतो आणि वाळूसोबत वर येतो, म्हणून भोकाची भिंत मोकळी राहते. सिमेंट आधीच कमजोर असेल तिथे हा फरक फार मोलाचा आहे.

“हे फ्रॅकिंगच आहे.” नाही. परफोरेशन म्हणजे दार पाडणं, फ्रॅकिंग म्हणजे त्या दारातून दाबाने द्रव घालून खडकाला लांबपर्यंत तडा देणं. दोन्ही कामं एकाच कॉइल्ड ट्यूबिंगने (रिळावर गुंडाळलेल्या लांब स्टीलच्या नळीने) लागोपाठ करतात हे खरंय, त्यातून हा गोंधळ झाला असावा, पण गन (शेप्ड चार्ज भरलेली नळी) मारून सुद्धा नंतर फ्रॅक करतातच की, म्हणून गनला कोणी फ्रॅकिंग म्हणत नाही.

आता मेसेजमध्ये जे नाहीये पण खरं आहे ते पण सांगतो. जेटचं भोक फार खोल जात नाही, आत गेलेलं पाणी त्याच भोकातून परत येतं आणि पुढे जाणाऱ्या धारेला मारतं, चांगला शेप्ड चार्ज त्याच्यापेक्षा खूप खोल जातो. वेळही जास्त लागतो, गन एका क्षणात शंभर भोकं पाडते. त्यामुळे लांब झोन आणि उभी विहीर असेल तर गनच बरी. पण आडवी विहीर, मोजकी ठिकाणं आणि नंतर फ्रॅक करायचंच आहे, तिथे जेट मला तरी जास्त पटतो, शिवाय स्फोटकांची वाहतूक नाही, नागपूरच्या पेसोचे (स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे) नियम नाहीत, गन आर्म करताना (डेटोनेटर जोडताना) सगळे रेडिओ-मोबाईल बंद ठेवणं नाही.

पोरांनो, तुमच्या विहिरीवर हे काम आलं तर तीन गोष्टी विचारा. खोली कशावरून पक्की केली? पंप सुरू झाल्यावर प्रेशरने कॉइल ताणली जाते, टूल जागेवर राहावं म्हणून काय केलंय, कारण ते हललं तर भोकाऐवजी लांबट चीर पडते किंवा केसिंग पारच होत नाही. आणि वाळू पूर्ण वर येईपर्यंत सर्क्युलेशन (पाणी खाली-वर फिरवणं) चालू ठेवणार आहेत ना, नाहीतर टूल वाळूत अडकून बसेल.