‘न विचारता माझी नोंद दुसरीच्या नावात मिसळली’: ताई, तुमच्या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार.

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, की आमच्या दुकानाने तुमची नोंद न विचारता जाऊबाईंच्या नोंदीत मिसळली, त्यांच्या नंबरचा चष्मा तुम्हाला दिला आणि आठ दिवस तुमचं डोकं दुखत राहिलं. चष्मा चुकला हे खरं आहे. चूक माझी. फोनवर माफी मागितली होती, इथे सगळ्यांसमोर पुन्हा मागतो.

पण ‘न विचारता’ हा शब्द दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं दुकान सांगलीच्या बाजारपेठेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा दुकानात पुरुषभर पाणी होतं. गिऱ्हाइकांची कार्डं, ज्यांवर प्रत्येकाचा वर्षानुवर्षांचा नंबर लिहिलेला, त्यांचा लगदा झाला. बिलबुकांच्या कार्बन प्रती गच्चीवर वाळवून जेवढं वाचता आलं तेवढं कॉम्प्युटरवर चढवलं. 2021 ला पुन्हा पाणी आलं, पुन्हा तीच धावपळ. त्या घाईत एकाच माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी झाल्या. एकदा माहेरचं नाव, एकदा सासरचं, एकदा नुसतं आडनाव. इंग्रजीत लिहिताना कुणी एक ‘ए’ घातला, कुणी दोन. मोबाइलच्या आधी कुठे शून्य, कुठे 91, कुठे काहीच नाही. कॉम्प्युटरच्या लेखी ती तीन वेगळी माणसं.

याचा त्रास तुम्हालाही झालाय. गेल्या दिवाळीत तुम्हीच काउंटरवर म्हणालात, ‘एकाच घरात तीन-तीन मेसेज कशाला पाठवता?’ तुमचं बरोबर होतं. मेसेजचं एक वेळ सोडा, पण लहान पोराचा नंबर दर वर्षी किती वाढतोय, हे तीन ठिकाणी विखुरलं असेल तर दिसतच नाही. म्हणून एकाच माणसाच्या नोंदी एकत्र करायचं हे काम काढलं.

‘कुणीतरी पोराने बटण दाबलं’ असंही तुम्ही लिहिलंय. ते काम माझ्या मुलीने केलं. कॉलेज करून, संध्याकाळी बसून, तीन महिने. तिने आधी सगळ्या मोबाइलचे शेवटचे दहा आकडे तेवढे ठेवले, एकाच मोबाइलच्या नोंदी शेजारी-शेजारी लावल्या, मग नाव, पत्ता, जन्मतारीख ताडून पाहिली. एक्सेलमध्ये दुबार ओळी एका फटक्यात काढायची सोय आहे, ती तिने मुद्दाम वापरली नाही. ती पहिली ओळ ठेवते आणि बाकीच्या पुसते, आणि आमच्याकडे पुसलेल्या ओळीत कुणाच्या तरी डोळ्यांची तपासणी असते. जिथे शंका आली, तिथे मेसेज करून विचारलं.

आता तुमचं सांगतो. तुमच्या आणि जाऊबाईंच्या नोंदीवर मोबाइल एकच, घरातला. दोघींच्या नावाचं पहिलं अक्षर एक, दोघींच्या यजमानांच्या नावाचंही पहिलं अक्षर एक, आडनाव आणि पत्ता अर्थातच एक. आणि बिलबुकात आम्ही आद्याक्षरंच लिहायचो. जन्मतारीख दोघींची 1 जून. आपल्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी किती जणांना 1 जून लावला, ते तुम्हाला सांगायला नको. साल एका नोंदीत होतं, दुसरीत कोरं. एवढं जुळूनही मुलीने परस्पर काही केलं नाही. त्या मोबाइलवर मेसेज गेला, ‘आमच्याकडे या नावाच्या दोन नोंदी आहेत. दोन्ही तुमच्याच का?’ चौथ्या मिनिटाला उत्तर आलं, ‘हो, आमच्याच.’ तो मेसेज आजही आमच्या फोनमध्ये आहे. उत्तर कुणी दिलं ते मी विचारत नाही, घरात फोन कुणाच्याही हातात असतो. ‘आमच्याच’ म्हणजे ‘आमच्या घरातल्याच’ असंही होतं, हे आता कळतंय. तेव्हा तिला कळलं नाही. पण विचारलं नाही, असं कृपा करून म्हणू नका.

एकत्र केलेल्या नोंदीत सगळ्यात ताजी तपासणी वर येते. ती जाऊबाईंची होती. तुम्ही फोनवर सांगितलंत, ‘गेल्या वेळचाच नंबर घाला, तपासायला यायला वेळ नाही.’ आम्ही घातला. दोघींचे नंबर इथे लिहिणार नाही, ती तुमची खासगी गोष्ट. एवढंच सांगतो, की दूरचा नंबर जवळपास सारखा, म्हणून चष्मा लावून बघताना तुम्हालाही शंका आली नाही आणि मलाही नाही. फरक सिलिंडरच्या अक्षात होता. सिलिंडर म्हणजे एखाद्या दिशेलाच धूसर दिसण्याच्या दोषाचा नंबर, आणि अक्ष म्हणजे त्याची दिशा. अक्ष 30 अंशांनी फिरला की सिलिंडर घालून न घातल्यासारखाच. मूळचा दोष जेवढा तेवढाच उरतो, फक्त दिशा बदलून. डोकं दुखणारच. काचा बसवल्यावर तुमच्या जुन्या चष्म्याशी ताडून बघायला हवं होतं, ते मी केलं नाही. 35 वर्षं या धंद्यात आहे, त्यामुळे याची लाज जास्त वाटते.

‘सगळं रेकॉर्ड घालवलं’ असं मात्र झालेलं नाही. मूळ नोंदी आम्ही जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे तुमचा फोन आला त्याच संध्याकाळी दोन्ही वेगळ्या केल्या. तुमच्या जुन्या तपासण्या जागच्या जागी आहेत. नवीन काचा तयार आहेत, पैशांचा प्रश्नच नाही. येताना जुना चष्मा आणा आणि दहा मिनिटं काढून डोळे तपासून घ्या. इथून पुढे जास्त काळजी घेऊ, शक्य तिथे मेसेजऐवजी बोलून खात्री करू, एकाच मोबाइलवरच्या घरांचंही काहीतरी बघतोच आहोत.

पुरानंतर दुकान उघडलं तेव्हा पहिल्या आठवड्यात आलेल्या गिऱ्हाइकांत तुम्ही होता, म्हणून हा एक तारा फार लागला. आता शेजारी मोठ्या कंपन्यांची दुकानं झालीत, आणि मोबाइलवर दुकान शोधणारा नवा माणूस आधी तारेच बघतो. शनिवारी संध्याकाळी मुलगी दुकानात असते. तिला काही बोलू नका, ताई. जे बोलायचं ते मला बोला.