बॅप्टिस्टांना यार्देनचा सातबारा कशाला?

मराठी ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक मजकूर अधूनमधून येऊन पडतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. बॅप्टिस्ट मंडळी, म्हणजे तान्ह्या मुलांना नव्हे तर विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती दीक्षा) देणारा पंथ, कुणा माणसाने काढलेली नाही, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने यार्देन नदीकाठी तिची सुरुवात केली. ती रोमन कॅथलिकांतून कधी फुटलीच नाही, म्हणून ती प्रॉटेस्टंटही नाही. मोंटानिस्ट, नोवेशियन, डोनाटिस्ट, कॅथर, वाल्डेन्सियन, ॲनाबॅप्टिस्ट अशी नावे बदलत, छळ सोसत ती दोन हजार वर्षे अखंड चालत आली. या सर्वांनी पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा दिला. जगभरच्या बॅप्टिस्टांचा विश्वास एकच आहे. आणि शेवटी ठेवणीतले वाक्य: म्हणून इतरांचा बाप्तिस्मा खोटा, आणि त्यांच्या मंडळ्या म्हणजे निव्वळ माणसांनी काढलेल्या संस्था.

मजकूर मराठीत असला तरी त्याचे माहेर अमेरिकेच्या दक्षिणेत आहे. १८५१ मध्ये टेनेसीतल्या कॉटन ग्रोव्ह इथे जे. आर. ग्रेव्हज या बॅप्टिस्ट संपादकाने एका सभेपुढे काही प्रश्न ठेवले. बॅप्टिस्ट नसलेल्या मंडळ्यांना मंडळी म्हणावे का? त्यांच्या पाळकांना आपल्या व्यासपीठावर बोलवावे का? अपेक्षित उत्तर अर्थातच ‘नाही’. या विचाराला पुढे ‘लँडमार्क’ असे नाव पडले. पण बाकी सगळ्या मंडळ्या खोट्या ठरवल्या की लगेच अडचण उभी राहते. खरी मंडळी मग सोळाव्या शतकातला धर्मसुधारक ल्यूथर याच्या आधी दीड हजार वर्षे होती कुठे? या प्रश्नाला उत्तर म्हणून साखळी हवी झाली. १९३१ मध्ये जे. एम. कॅरल यांची ‘द ट्रेल ऑफ ब्लड’ ही छोटी पुस्तिका निघाली. तिच्यासोबत शतकांचे रकाने आणि लाल ठिपके असलेला एक तक्ता होता आणि ती साखळी घरोघर पोचली. आपल्याकडे फिरणारी नावांची यादी त्याच तक्त्याच्या वळणाची आहे.

योहानाचा मुद्दा फार वेळ घेत नाही. बायबलमधले प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ उघडा. इफिसात पौलाला बाराएक शिष्य भेटतात. त्यांना योहानाचा बाप्तिस्मा मिळालेला असतो. पौल तेवढ्यावर थांबत नाही, त्यांचा प्रभू येशूच्या नावाने बाप्तिस्मा होतो. योहानाचा बाप्तिस्मा हाच बॅप्टिस्ट मंडळीचा पाया असेल, तर पौलाने त्या बारा जणांना पुन्हा पाण्यात का उतरवले? पवित्र शास्त्र हाच एकमेव आधार मानणाऱ्यांनी तरी हा अध्याय वगळू नये.

आता ती यादी. तिच्यातल्या लोकांमध्ये समान गोष्ट एकच: रोमशी किंवा अधिकृत चर्चशी त्यांचे भांडण होते. भांडण असणे आणि बॅप्टिस्ट असणे यांत बरेच अंतर आहे. नोवेशियनांचेच पाहा. त्यांचा प्रमुख नोवेशियन हा तिसऱ्या शतकातला रोमचा माणूस. तो आजारी असताना खाटेवरच त्याच्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा झाला होता आणि त्याच्या विरोधकांनी हे त्याच्याविरुद्ध वापरलेही. ‘बुडवूनच’ म्हणणाऱ्या यादीत हा गृहस्थ दुसऱ्या क्रमांकावर बसला आहे. डोनाटिस्ट उत्तर आफ्रिकेतले. कार्थेजला ४११ मध्ये भरलेल्या सभेला त्यांचे अडीचशेहून अधिक बिशप आले होते. बिशपच न मानणाऱ्या मंडळीचे हे पूर्वज! कॅथरांची गोष्ट तर आणखी विचित्र. दृश्य जग, शरीर, पाणी हे सारे दुष्ट शक्तीचे काम आहे असे ते मानत. त्यामुळे पाण्याचा बाप्तिस्माच त्यांना अमान्य होता. त्यांच्या दीक्षेत डोक्यावर हात ठेवत, ग्रंथ ठेवत, पण पाणी नसे. ‘त्यांच्याबद्दलचे सगळे शत्रूंनीच लिहिले आहे’ हा बचाव इथे चालत नाही, कारण कॅथरांचे स्वतःचे विधिग्रंथ शिल्लक आहेत.

वाल्डेन्सियनांबाबत वाद घालण्याचीही गरज नाही, ते आजही इटलीत आहेत. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या लिओंच्या वाल्डो नावाच्या व्यापाऱ्याच्या मागे हे लोक गोळा झाले, १५३२ मध्ये शानफोरानच्या सभेत ते स्वित्झर्लंडच्या सुधारणावाद्यांना जाऊन मिळाले आणि विसाव्या शतकात इटलीच्या मेथडिस्टांशी एक झाले. त्यांच्या मंडळ्यांत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो.

यादीतले ॲनाबॅप्टिस्ट मात्र खरोखर जवळचे आहेत. झुरिचमध्ये २१ जानेवारी १५२५ रोजी कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला, तो विश्वास ठेवणाऱ्या प्रौढाचा बाप्तिस्मा होता. पण तोही बुडवून नव्हे, पाणी ओतून. दोन वर्षांनी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला शहराच्या अधिकाऱ्यांनी लिमात नदीत बुडवून मारले. बॅप्टिस्टांवर त्यांची छाया आहेच. मात्र शपथ न घेणे, तलवार न धरणे, सरकारी पद न स्वीकारणे ही ॲनाबॅप्टिस्टांची ठाम शिकवण इंग्लंडच्या बॅप्टिस्टांनी स्वीकारली नाही. १६४४ मध्ये लंडनच्या सात बॅप्टिस्ट मंडळ्यांनी आपला विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो याचे जाहीर निवेदन, छापला, तेव्हा मुखपृष्ठावरच सांगून टाकले की लोक आम्हाला ॲनाबॅप्टिस्ट म्हणतात ते चुकीचे आहे.

मग बॅप्टिस्ट आले कुठून? जॉन स्मिथ हा केंब्रिजमध्ये शिकलेला, चर्च ऑफ इंग्लंडची दीक्षा घेतलेला धर्मगुरू. राजाच्या चर्चमध्ये सुधारणा होणार नाही असे मानून तो बाहेर पडला, गेन्सबरोला एका फुटीर मंडळीचा पाळक झाला आणि अटकेच्या भीतीने ती मंडळी घेऊन ॲमस्टरडॅमला गेला. तिथे तो या निष्कर्षाला आला की तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे. तसे असेल तर आपल्यातल्या कुणाचाच बाप्तिस्मा झालेला नाही, मग देणार कोण? १६०९ मध्ये स्मिथने स्वतःच स्वतःवर पाणी ओतून घेतले आणि मग थॉमस हेल्विस व इतरांना बाप्तिस्मा दिला. साखळीची पहिली कडी शोधणाऱ्यांना हा प्रसंग अडचणीचा वाटतो, आणि वाटायलाच हवा.

त्यानंतर जे घडले ते या मजकुराच्या मुळावरच येते. स्मिथला स्वतःच्या कृत्याबद्दल शंका आली. शेजारी मेनोनाइटांची, म्हणजे ॲनाबॅप्टिस्टांच्याच एका शाखेची, मंडळी असताना आपण त्यांच्याकडून बाप्तिस्मा का घेतला नाही, असे वाटून त्याने त्यांच्यात सामील होण्यासाठी अर्ज केला. १६१२ मध्ये तो वारला आणि त्याचे उरलेले लोक १६१५ मध्ये मेनोनाइट झाले. हेल्विसने मात्र नकार दिला. बाप्तिस्म्याचा अधिकार हातोहात चालत येतो, ही कल्पना त्याला शास्त्राबाहेरची वाटली. जिथे विश्वासणारे जमतात तिथे मंडळी उभी राहू शकते, असे त्याचे म्हणणे. मोजकी माणसे घेऊन तो इंग्लंडला परतला आणि लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये त्याने इंग्लिश भूमीवरची पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी केली. म्हणजे साखळी हवी असलेला माणूस बॅप्टिस्टांना सोडून गेला आणि साखळी झिडकारणारा त्यांचा संस्थापक ठरला. १६४४ च्या विश्वासांगीकारातही हेच आहे: बाप्तिस्मा देणारा सुवार्ता सांगणारा शिष्य असला की पुरे, शास्त्राने हा अधिकार कुठल्या विशिष्ट मंडळीला किंवा पदाला बांधून ठेवलेला नाही. पिढ्यांची नोंद दाखवून हक्क सांगणे ही रोमची रीत. बॅप्टिस्टांनी ती मोडून आपले घर बांधले, आणि हा मजकूर त्यांच्याच हाती रोमच्या धर्तीचा सातबारा देऊ पाहतो.

बुडवण्याचे काय? इंग्लंडच्या बॅप्टिस्टांमध्ये ते १६४१-४२ च्या सुमारास सुरू झाले. लंडनच्या एका गटाने त्याआधी रिचर्ड ब्लंट याला नेदरलँड्सला पाठवले होते, कारण तिथले काही ख्रिस्ती बुडवून बाप्तिस्मा देतात असे ऐकिवात होते. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुईव्हिलच्या सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरीचे अध्यक्ष विल्यम व्हिट्सिट यांनी कागदपत्रांनिशी मांडली. लँडमार्कवाल्यांनी एवढे रान उठवले की १८९९ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. ते गेले, पण त्यांनी मांडलेले कागद खोटे ठरले नाहीत. बुडवणे शास्त्राला धरून आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. माझ्या मते बॅप्टिस्टांची बाजू तिथे चांगलीच भक्कम आहे. त्यासाठी खोट्या इतिहासाचा टेकू लागत नाही.

‘प्रॉटेस्टंट नाही’ या मुद्द्याला वरच्याच हकिकतीत उत्तर आहे: स्मिथ चर्च ऑफ इंग्लंडमधून, म्हणजे प्रॉटेस्टंटांतूनच बाहेर पडला. वर आणखी एक भर: बॅप्टिस्टांचा सर्वांत गाजलेला, १६८९ चा लंडन विश्वासांगीकार बराचसा प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारावरून शब्दशः उतरवलेला आहे. एकोणिसाव्या शतकातले लंडनचे नामांकित बॅप्टिस्ट उपदेशक स्पर्जन हेही साखळी मानायचे, असे उत्तर येते. खरे आहे, १८६१ मध्ये त्यांनी तशा अर्थाचे उद्गार काढले होते. पण त्यांच्याच मंडळीत बॅप्टिस्ट नसलेल्या ख्रिस्ती लोकांना प्रभुभोजनाला बसता येत असे. ग्रेव्हजच्या अनुयायांना ते खपले नसते.

‘सर्वांचा विश्वास एकच’ हे वाक्य तर कुणीही बॅप्टिस्ट पाळक ऐकून हसेल. सुरुवातच दोन प्रवाहांनी झाली. हेल्विसचे लोक ‘जनरल’: ख्रिस्त सर्वांसाठी मेला. १६३० च्या दशकात लंडनमध्ये निघालेले ‘पर्टिक्युलर’ हे धर्मसुधारक कॅल्विनच्या वळणाचे: ख्रिस्त निवडलेल्यांसाठी मेला. शनिवार हाच शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) मानणारे सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट सतराव्या शतकातच वेगळे झाले. मोकळ्या इच्छेवर भर देणारे फ्री विल बॅप्टिस्ट अमेरिकेत पसरले. १८३२ मध्ये मेरीलँडच्या ब्लॅक रॉक इथे काही मंडळ्यांनी जाहीर केले की मिशनरी संस्था आणि संडे स्कूल या गोष्टी शास्त्रात नाहीत, आम्हाला नकोत. तेच प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट. त्यांच्या हिशेबाने विल्यम कॅरी या इंग्लिश बॅप्टिस्टाला भारतात मिशनरी म्हणून पाठवणारी १७९२ ची केटरिंगची सोसायटीच चूक. १८४५ मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावे की नाही यावरून दक्षिणेतले लोक फुटले आणि सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन निघाले. त्याबद्दलची माफी त्याने १९९५ मध्ये मागितली. कृष्णवर्णीय बॅप्टिस्टांनी १८९५ मध्ये अटलांटात आपले नॅशनल कन्व्हेन्शन उभारले. हे सगळे बॅप्टिस्टच. विश्वास ठेवणाऱ्याचाच बाप्तिस्मा, प्रत्येक मंडळीची स्वायत्तता आणि श्रद्धेत सरकारची लुडबुड नको, एवढ्यावर बहुतेकांचे जमते.

छळाच्या बाबतीत मात्र मजकूर लिहिणाऱ्याने उगाच दुसऱ्यांचे रक्त उसने घेतले. हेल्विसने राजा जेम्सला लिहिले की राजा मर्त्य माणूस आहे, देव नव्हे, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता नाही. पाखंडी, मुसलमान, यहुदी यांनाही राजाने श्रद्धेपायी शिक्षा करू नये, असेही त्याने मांडले. तो न्यूगेटच्या तुरुंगात गेला आणि १६१६ च्या सुमारास वारला. १६५१ मध्ये बॉस्टनला ओबादाया होम्सला फटक्यांची शिक्षा झाली. गुन्हा काय, तर लिन गावात एका घरी उपासना घेतली. जॉन बन्यनने बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे काढली. हा वारसा कमी आहे का?

राहिला शेवटचा दावा, इतरांच्या मंडळ्या खोट्या असल्याचा. तो महाराष्ट्रात पाठवताना पाठवणाऱ्याने थोडा विचार करावा. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतल्या सेलम इथे पाच तरुणांना मिशनरी म्हणून एकत्र दीक्षा मिळाली. पाचही काँग्रिगेशनल, म्हणजे बालबाप्तिस्मा मानणारे. बंगालमधल्या सेरामपूरला कॅरी भेटणार, त्यांच्याशी वाद घालावा लागणार, म्हणून ॲडोनायरम जडसन जहाजावर बाप्तिस्म्याचा अभ्यास करत बसला आणि कॅरीची बाजूच त्याला पटली. सप्टेंबरात कलकत्त्याच्या लालबाजार चॅपेलमध्ये विल्यम वॉर्डने त्याला बुडवून बाप्तिस्मा दिला. तो पुढे ब्रह्मदेशात गेला. त्याच पाचांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मत न बदलता फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांच्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. हॉल १८२६ मध्ये महाराष्ट्रातच कॉलऱ्याने गेला. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा १८९५ चा बाप्तिस्मा याच मिशनच्या मंडळीतला. मजकुराच्या हिशेबाने जडसनची मंडळी खरी, आणि हॉलची व टिळकांची खोटी.

खुद्द कॅरीने असा हिशेब मांडला नव्हता. त्याचा जन्म अँग्लिकन घरातला, बाळपणीचा बाप्तिस्मा तिथलाच, आणि १७८३ मध्ये नॉर्थम्प्टनला नीन नदीत तो पुन्हा उतरला. त्याने सेरामपूरला १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी भाषांतरे केली, आणि ती वाचणाऱ्यांनी बॅप्टिस्टच व्हावे अशी अट घातली नाही. त्याच्या परंपरेतल्या उत्तर भारतीय मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेची संयुक्त मंडळी, मेथडिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स यांच्यासोबत चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. तिथे बालबाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत, आणि बिशपही आहेत. ईशान्येकडच्या बॅप्टिस्ट मंडळ्या त्या एकीत आल्या नाहीत. प्रत्येक मंडळीने आपला निर्णय आपण घ्यावा हे बॅप्टिस्ट तत्त्व दोन्हीकडे सारखेच वापरले गेले.