व्हँटाब्लॅक मारून सोलरची वीज दुप्पट होत नाही

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘व्हँटाब्लॅक, जगातला सर्वांत काळा रंग! सगळा प्रकाश गिळतो. सोलर पॅनेलवर मारा, वीज दुप्पट. विमानावर मारा, रडारलाही दिसणार नाही. पण अनिश कपूरने हा रंगच विकत घेतलाय!’ सोबत चुरगळलेल्या फॉइलवरच्या त्या काळ्या भोकासारख्या डागाचा फोटो.

फोटो खरा आहे. बाकीचं बघू.

सरे नॅनोसिस्टिम्स या ब्रिटिश कंपनीने 2014 साली जाहीर केलेला मूळ व्हँटाब्लॅक डब्यात मिळत नाही. चारशेहून जास्त अंश तापमानात धातूवर कार्बनच्या उभ्या नळ्या उगवतात, केसापेक्षा हजारो पट बारीक. उसाच्या दाट फडात शिरावा तसा प्रकाश आत शिरतो, नळीवरून नळीवर आपटतो आणि त्याची उष्णता होते. परत येतो जेमतेम 0.035 टक्के. बोट टेकवलंत की फड आडवा, काळेपणा गेला. ‘सर्वांत काळा’ हेही शिळं झालं. 2019 मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या थराने 99.995 टक्के प्रकाश शोषला.

‘उष्णता होते’ यातच सोलरची गोम आहे. पॅनेलमध्ये वीज तयार करतं सिलिकॉन. त्याच्यावर हा थर चढवला तर ऊन वरच अडेल; पॅनेल तापेल, मीटर हलणार नाही. शिवाय आजचं पॅनेल मुळातच फार थोडं ऊन परत फेकतं, मग दुप्पट वीज आणायची कुठून? खुद्द सिलिकॉनवरच सूक्ष्म सुया कोरून त्याला काळं करतात, ती युक्ती खरी. पण ती वेगळी. बरं, पाणी तापवायला? तापलेला असा काळा थर उष्णता तितक्याच उदारपणे बाहेरही फेकतो. म्हणून सोलर हीटरच्या नळ्यांवर ऊन घेणारा, पण उष्णता सहजासहजी न सोडणारा निराळा लेप असतो.

रडारच्या लहरी सेंटिमीटरांच्या हिशेबातल्या; मिलिमीटरच्या काही शतांशांइतक्या उंचीचं हे रान त्यांच्या खिजगणतीतही नसतं. आणि भरदुपारी निळ्या आकाशात काळंकुट्ट विमान लपणार कसं, देव जाणे.

मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांच्याकडे 2016 पासून हक्क आहेत ते फक्त कलेतल्या वापराचे. दुर्बिणी बनवणाऱ्यांना त्यांना विचारावं लागत नाही.

या थराचा खरा उपयोगही अशाच उपकरणांत. तारे पाहून उपग्रहाची दिशा ठरवणाऱ्या कॅमेऱ्यात बाजूने सूर्याची तिरीप शिरली की मंद तारे दिसेनासे होतात. कॅमेऱ्याच्या तोंडाशी आतून हा थर दिला की ती तिरीप तिथेच मुरते. असा कॅमेरा घेऊन सिंगापूरचा केंट रिज-1 हा उपग्रह डिसेंबर 2015 मध्ये अवकाशात गेला, आपल्याच पीएसएलव्हीवरून, श्रीहरिकोट्याहून.